उपग्रहाच्या नजरेतून वाळवंट: दुष्काळ आणि जमिनीचा ऱ्हास यातील फरक कसा ओळखतात?

सलग दोन-तीन वर्षे पाऊस कमी झाला की गायराने आणि माळरान उजाड दिसू लागतात. ही जमीन पुढच्या चांगल्या पावसात पुन्हा हिरवी होणार, की तिचा कस कायमचा गेला, हे नुसते पाहून ठरवणे अवघड असते. पहिल्या प्रकारात चारा आणि पाण्याची तात्पुरती सोय पुरते. दुसऱ्या प्रकारात मृद्‍संधारण, चराई नियंत्रण आणि गवत लागवड अशी कामे अनेक वर्षे करावी लागतात. निदान चुकले तर निधी आणि वेळ दोन्ही वाया जातात.

हे निदान करण्याची पद्धत प्रामुख्याने वाळवंटांच्या अभ्यासातून तयार झाली आहे. सहारा, सिनाई आणि थर या प्रदेशांत उपग्रह प्रतिमांनी काय दाखवले, कुठे फसवले आणि त्यातून महाराष्ट्रातील कोरडवाहू भागासाठी काय घेता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

वाळवंट आणि वाळवंटीकरण

वाळवंट हा निसर्गनिर्मित प्रदेश आहे. तेथे पाऊस अत्यल्प, बाष्पीभवन जास्त आणि वनस्पती विरळ असतात. वाळवंटीकरण म्हणजे शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशातील जमिनीचा ऱ्हास. त्याला हवामानातील बदल आणि माणसाचा वापर ही दोन्ही कारणे असतात. संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १७ जून १९९४ रोजी स्वीकारला गेला. त्यात हीच व्याख्या आहे. म्हणून वाळूचा कणही नसलेल्या गावात वाळवंटीकरण होऊ शकते. सोलापूर, अहिल्यानगर किंवा सांगलीच्या पूर्व भागातील हलक्या जमिनी या व्याख्येत बसू शकतात.

उपग्रह नेमके काय मोजतो?

सुदूर संवेदन म्हणजेच रिमोट सेन्सिंग. वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणारे किरण दुरून मोजून तिची माहिती काढणे, असा त्याचा अर्थ. उपग्रहाला ज्वारी, वाळू किंवा बाभूळ ‘दिसत’ नाही. जमिनीच्या प्रत्येक चौकोनातून (पिक्सेलमधून) कोणत्या प्रकारचे किरण किती परत आले, एवढाच आकडा मिळतो. वाळवंटांच्या अभ्यासात पुढील मोजमापे वापरली जातात.

- दृश्य प्रकाश: कोरडी वाळू आणि मिठाचे थर चकाकतात. ओली जमीन, काळी माती आणि दाट झाडोरा गडद दिसतो.
- जवळचे अवरक्त किरण (इन्फ्रारेड): हिरवे, निरोगी पान हे किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. पाणी ते शोषून घेते, म्हणून तलाव जवळजवळ काळा दिसतो.
- औष्णिक किरण: जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान कळते. इराणमधील लूत वाळवंटात २००५ मध्ये उपग्रहाने ७०.७ अंश सेल्सिअस एवढे पृष्ठभाग तापमान नोंदवले होते.
- रडार लहरी: उपग्रह स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. त्यामुळे ढग आणि रात्र यांचा अडथळा येत नाही. अगदी कोरड्या वाळूत लांब तरंगलांबीच्या लहरी काही अंतर आतही शिरतात.
- गुरुत्वाकर्षणातील बदल: मोठ्या प्रदेशातील भूजल कमी झाले की तेथील गुरुत्वाकर्षण किंचित घटते. जोडीने फिरणारे उपग्रह हा बदल टिपतात.

कोणत्या प्रतिमेत किती बारकावा?

पिक्सेलचा आकार गुंठ्यांत पाहिला तर अंदाज लवकर येतो.

- लँडसॅट मालिका (अमेरिका): पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला. सध्याच्या प्रतिमांचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांचा आहे. लँडसॅट-८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी तीच जागा टिपतात. २००८ पासून या प्रतिमा मोफत आहेत.
- सेंटिनेल-२ (युरोप): २०१५ पासून. पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी प्रतिमा देतात. याही मोफत आहेत.
- भारतीय सुदूर संवेदन उपग्रह: आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये सोडला गेला. पुढे रिसोर्ससॅट मालिका आली. त्यातील लिस-३ संवेदकाचा पिक्सेल २३.५ मीटरचा (सुमारे साडेपाच गुंठे), तर एविफ्स संवेदकाचा ५६ मीटरचा (सुमारे पाऊण एकर) आहे.
- निसार (भारत व अमेरिका): जुलै २०२५ मध्ये सोडलेला रडार उपग्रह. ढगाळ दिवसांतही जमिनीतील ओलावा आणि पृष्ठभागातील बदल टिपण्यासाठी तो उपयुक्त आहे.

पिक्सेल मोठा असेल तर बांधावरची झाडे, पडीक आणि पीक यांचा एकच मिसळलेला आकडा मिळतो. लहान तुकड्यांच्या शेतीसाठी ही मोठी मर्यादा आहे.

हिरवेपणाचा निर्देशांक आणि वाळवंटातील अडचण

वनस्पती मोजण्यासाठी एनडीव्हीआय हा निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो. जवळच्या अवरक्त किरणांच्या परावर्तनातून लाल प्रकाशाचे परावर्तन वजा करावे आणि त्या दोन्हींच्या बेरजेने भागावे.

उदाहरणार्थ, जोमदार पिकाने अवरक्त किरण ४० टक्के आणि लाल प्रकाश ८ टक्के परत पाठवला, तर निर्देशांक ३२ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.६७ येतो. उघड्या वाळूने अवरक्त ३५ टक्के आणि लाल २८ टक्के परत पाठवला, तर ७ भागिले ६३, म्हणजे सुमारे ०.११ येतो.

वाळवंटात अडचण अशी, की झुडपे विरळ असल्याने बहुतेक आकडा मातीचाच असतो. मातीचा रंग बदलला की निर्देशांकही बदलतो. झाडोरा तेवढाच असूनही गडद जमिनीवर निर्देशांक जास्त आणि उजळ जमिनीवर कमी येतो. म्हणून विरळ वनस्पतींच्या भागात मातीचा परिणाम कमी करणारा ‘सावी’ हा सुधारित निर्देशांक वापरतात. काळ्या रानाची आणि मुरमाड माळाची एकाच मापाने तुलना करू नये, हा आपल्यासाठी त्यातला धडा आहे.

सहाराची सरकणारी सीमा

१९७० आणि १९८० च्या दशकांत आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडले. सहारा वाळवंट दरवर्षी ठराविक वेगाने दक्षिणेकडे सरकत आहे, असा समज त्या काळात पसरला होता. कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान उपग्रहांच्या प्रतिमांवरून १९८० ते १९९० या काळातील हिरवेपणा मोजला आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहाराची दक्षिण सीमा एका दिशेने चालत नव्हती. १९८४ च्या तीव्र दुष्काळात ती दक्षिणेकडे खूप सरकली. नंतर पाऊस सुधारल्यावर ती पुन्हा उत्तरेकडे हटली.

केवळ दोन वर्षांच्या प्रतिमा घेतल्या असत्या, तर निवडलेल्या वर्षांनुसार वाळवंट ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असे काहीही सिद्ध करता आले असते. म्हणून वाळवंटाच्या अभ्यासात दोन प्रतिमांची तुलना पुरेशी मानत नाहीत. दहा-वीस वर्षांची मालिका घेतात आणि ती पावसाच्या नोंदीशी ताडून पाहतात. पाऊस आणि हिरवेपणा यांची सांगड घातली की पुढील चार चित्रे मिळतात.

- पाऊस कमी, हिरवेपणा कमी: हा दुष्काळाचा परिणाम असू शकतो. लगेच जमीन बिघडली असे म्हणू नये.
- पाऊस चांगला, हिरवेपणाही पूर्वीसारखा: जमीन सावरली आहे.
- पाऊस चांगला, तरी हिरवेपणा दरवर्षी कमी: हे ऱ्हासाचे खरे लक्षण. माती वाहून जाणे, अतिचराई किंवा क्षार वाढणे यांची शक्यता असते.
- पाऊस कमी, तरी हिरवेपणा जास्त: सिंचन, भूजल उपसा किंवा उपद्रवी झुडपांचा फैलाव तपासावा.

तिसरे आणि चौथे चित्र सर्वात महत्त्वाचे आहे. तिसऱ्यात जमीन आजारी आहे हे कळते. चौथ्यात आजार हिरव्या रंगाआड लपलेला असू शकतो.

हिरवे दिसते ते सगळे चांगले नसते

*कच्छमधील बन्नी:* बन्नी हे एकेकाळी उत्तम गवताचे विस्तीर्ण कुरण होते. खाऱ्या रणाचा फैलाव रोखण्यासाठी १९६० च्या दशकात तेथे वेडी बाभूळ (विलायती बाभूळ) लावण्यात आली. ती वेगाने पसरली आणि मोठ्या क्षेत्रावरील गवत मागे पडले. ही बाभूळ उन्हाळ्यातही हिरवी राहते. त्यामुळे नुसता निर्देशांक पाहिला तर कुरण सुधारल्याचा भास होतो. प्रत्यक्षात म्हैसपालकांच्या चाऱ्याचे क्षेत्र घटलेले असते. गवत पावसानंतर हिरवे होऊन हिवाळ्यात वाळते, तर बाभूळ वर्षभर हिरवी राहते. म्हणून दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी पावसाळ्यानंतरची आणि भर उन्हाळ्यातील अशा दोन प्रतिमा लागतात.

*इंदिरा गांधी कालवा:* पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून निघून हा कालवा सुमारे ६४९ किलोमीटर अंतर कापत थरच्या वाळवंटात जातो. कामाला १९५८ मध्ये सुरुवात झाली. कालव्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा पट्टा उपग्रह प्रतिमेत स्पष्ट दिसतो. त्याच प्रतिमांमध्ये हनुमानगढ परिसरातील पाणथळ आणि क्षारपड जमिनीही दिसतात. काही भागांत जमिनीखाली जिप्समचा टणक थर असल्याने जादा पाण्याचा निचरा होत नाही. भूजल वर येते आणि पाणी उडून गेल्यावर क्षार वर राहतात. प्रतिमेत साचलेले पाणी काळे आणि क्षारांचे थर पांढरे दिसतात. उसाच्या पट्ट्यातील क्षारपड जमिनींचे निदान करताना हीच लक्षणे उपयोगी पडतात.

*भूजलावरची हिरवाई:* गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या नोंदींवरून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्लीसह) या भागातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचे त्यात दिसले. त्या काळात तेथे पावसात मोठी तूट नव्हती. म्हणजे वर पीक हिरवे आणि खाली साठा रिकामा, असे हे चित्र होते.

प्रत्यक्ष पाहणी का आवश्यक?

पहिल्या लँडसॅट प्रतिमांमध्ये सिनाई आणि नेगेव यांच्यामधील राजकीय सीमा रेघ ओढल्यासारखी दिसली. दोन्हीकडे एकच वाळू, पाऊसही सारखा. तरी सिनाईची बाजू उजळ आणि नेगेवची गडद होती. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी याचे कारण सिनाईतील अतिचराई असे सांगितले. नेगेवमध्ये झुडपे टिकली म्हणून ती बाजू गडद दिसते, असा अर्थ लावला गेला.

पुढे जमिनीवर जाऊन मोजमाप केल्यावर १९९५ मध्ये वेगळी गोष्ट पुढे आली. गडद रंग मुख्यतः झुडपांचा नव्हता. वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीवांचा, विशेषतः नील-हरित शैवालाचा, पातळ कवचासारखा थर तयार झाला होता आणि रंग त्याचा होता. गुरांच्या खुरांखाली आणि माणसांच्या वर्दळीत सिनाईकडील हा थर मोडत होता. चराईचा परिणाम खरा होता, पण तो कोणत्या मार्गाने होतो हे आकाशातून कळले नव्हते. उपाय ठरवताना हा फरक मोठा आहे. झुडपे लावण्याआधी पृष्ठभागाची तुडवण थांबवणे तेथे जास्त गरजेचे ठरते.

वाळूखालच्या जुन्या नद्या

नोव्हेंबर १९८१ मध्ये कोलंबिया अंतराळयानावरील रडारने इजिप्त आणि सुदानच्या सीमेवरील सपाट वाळूचे चित्र घेतले. साध्या प्रतिमेत तेथे वाळूशिवाय काही नव्हते. रडार लहरी कोरड्या वाळूतून साधारण एक-दोन मीटर खाली गेल्या आणि तेथे गाडले गेलेले प्राचीन नदीपात्रांचे जाळे उघड झाले.

थरमध्येही असा शोध झाला आहे. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचे बिमल घोष, अमल कर आणि झाहिद हुसेन यांनी लँडसॅट प्रतिमांवरून पश्चिम राजस्थानातील लुप्त नदीमार्ग शोधून १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. अशा जुन्या पात्रांतील वाळू आणि गोटे पाणी साठवू शकतात. त्यामुळे विहिरी आणि विंधन विहिरींच्या जागा शोधताना या नकाशांचा उपयोग होतो. मात्र प्रतिमा फक्त संभाव्य जागा दाखवते. पाणी किती आणि गोडे की खारे, हे खोदून व तपासूनच कळते.

टोळधाड: वाळवंटातून विदर्भापर्यंत

वाळवंटात काय घडते याचा आपल्या शेताशी थेट संबंध २०२० मध्ये दिसला. वाळवंटी टोळ ओलसर वाळूत अंडी घालतात आणि पिल्ले पावसानंतर उगवलेल्या हिरवळीवर वाढतात. मे आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मेकुनू’ आणि ‘लुबान’ या चक्रीवादळांनी अरबस्तानातील ‘रुब अल खाली’ या निर्जन वाळवंटात मोठा पाऊस पाडला. तेथे टोळांच्या पिढ्या वाढल्या. पुढे थवे येमेन, इराण आणि पूर्व आफ्रिकेत पसरले. २०१९ मध्ये राजस्थान आणि गुजरातमध्ये प्रादुर्भाव झाला. मे २०२० च्या अखेरीस थवे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत पोहोचले.

नियमित टेहळणीत उपग्रह प्रतिमेतून टोळ शोधत नाहीत. मातीतील ओलावा आणि अवेळी आलेली हिरवळ शोधतात आणि त्या ठिकाणी पाहणी पथके पाठवतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि भारतातील टोळ सूचना संघटना अशा माहितीचा वापर करतात. जेथे पथक पोहोचू शकत नाही, तेथे प्रतिमा असूनही नियंत्रण होत नाही, हे २०१८ ने दाखवले.

देशाचा आणि महाराष्ट्राचा नकाशा

अहमदाबाद येथील इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशाचा वाळवंटीकरण आणि जमीन ऱ्हास नकाशासंग्रह तयार केला आहे. ताजी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिच्यानुसार ऱ्हास झालेले क्षेत्र असे आहे.

- २००३-०५: ९४५.३ लाख हेक्टर (देशाच्या क्षेत्रफळाच्या २८.७६ टक्के)
- २०११-१३: ९६४ लाख हेक्टर (२९.३२ टक्के)
- २०१८-१९: ९७८.५ लाख हेक्टर (२९.७७ टक्के)

देशात पाण्यामुळे होणारी धूप हे सर्वात मोठे कारण आहे. त्याखालोखाल वनस्पतींचा ऱ्हास आणि वाऱ्यामुळे होणारी धूप येते. राज्यांमध्ये राजस्थान पहिला (सुमारे २१२ लाख हेक्टर) आणि महाराष्ट्र दुसरा (सुमारे १४३ लाख हेक्टर) आहे. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्र सुमारे ३०७ लाख हेक्टर धरले, तर ही जवळपास निम्मी जमीन होते. राजस्थानात वारा वाळू उडवतो. आपल्याकडे प्रामुख्याने वळवाचा आणि मॉन्सूनचा जोरदार पाऊस उतारावरची माती नेतो आणि झाडोरा विरळ होतो.

हे नकाशे १:५,००,००० या प्रमाणावर आहेत. नकाशातील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. जिल्हा आणि तालुका पातळीवर प्राधान्य ठरवण्यासाठी ते योग्य आहेत. एखाद्या गट नंबरची जमीन खराब की चांगली, हे त्यावरून ठरवू नये.

गाव पातळीवर प्रतिमा कशा वापराव्यात?

ग्रामपंचायत, पाणलोट समिती किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला मोफत प्रतिमांवरून प्राथमिक पाहणी करता येते. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर भारतीय नकाशे उपलब्ध आहेत. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी काम करते.

१. दरवर्षी एकाच पंधरवड्याची प्रतिमा घ्यावी. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांचा अडथळा असतो. म्हणून ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि एप्रिल हे दोन काळ सोयीचे आहेत.

२. किमान दहा वर्षांची मालिका पाहावी. सुरुवात किंवा शेवट फक्त दुष्काळी वर्षाने करू नये.

३. महसूल मंडळाच्या पावसाची नोंद शेजारी मांडावी आणि वर दिलेल्या चार चित्रांपैकी कोणते लागू होते ते पाहावे.

४. सारख्या जमिनीची तुलना करावी. माळाची तुलना माळाशी आणि गायरानाची तुलना चराईबंदी असलेल्या शेजारच्या कुरणाशी करावी.

५. पीक असलेले क्षेत्र वेगळे काढावे. पीक बदलले की हिरवेपणा बदलतो. सोयाबीन काढणीनंतरचे रिकामे रान म्हणजे ऱ्हास नव्हे.

६. संशयित जागी प्रत्यक्ष जावे. घळी, उघडी पडलेली मुळे, वर आलेला मुरूम, पांढरे क्षार, तुडवलेली कडक जमीन आणि वेडी बाभूळ यांची नोंद मोबाइलवरील अक्षांश-रेखांशासह करावी.

७. कारणानुसार उपाय करावेत. उतारावर समतल चर आणि बांधबंदिस्ती करावी. उघड्या गायरानावर आळीपाळीने चराईबंदी करून अंजन गवत, मारवेल यांची लागवड करावी. पांढऱ्या डागांवर आधी माती परीक्षण करून क्षारयुक्त की चोपण हे ठरवावे आणि निचऱ्याची सोय करावी. जिप्सम फक्त परीक्षणाच्या शिफारशीनुसार वापरावे.

थरमधील धामण गवत म्हणजेच आपले अंजन गवत. वाळूच्या टेकड्या स्थिर करताना जोधपूरच्या संस्थेने आधी चराई थांबवणे, मग वाळलेल्या काटक्यांचे आडोसे उभारणे आणि नंतर गवत व झाडे लावणे असा क्रम ठेवला. आपल्या माळावरही हाच क्रम लागू पडतो. आधी जनावरे आणि पाणी यांच्यामुळे होणारी झीज थांबवावी, मग लागवड करावी.

काम झाल्यावर पहिल्याच वर्षीच्या प्रतिमेवरून यश-अपयश ठरवू नये. चांगल्या पावसाचे एक वर्ष कोणतेही काम यशस्वी भासवते, तसेच एक दुष्काळी वर्ष चांगले कामही निष्फळ भासवते. कमी पावसाच्या वर्षीही उपचार केलेला माळ शेजारच्या उघड्या माळापेक्षा अधिक काळ हिरवा राहिला, तर जमिनीत ओल धरण्याची ताकद परत येत आहे असे समजावे.